पाहणाऱ्याचे मत

नाट्यप्रयोग यशस्वी झाला हे कशावरून ओळखावे, या प्रश्नाला भरताने नाट्यशास्त्राच्या २७ व्या अध्यायात दिलेले उत्तर काहीसे अनपेक्षित आहे. रसाची एवढी सूक्ष्म मीमांसा करणारा हा ग्रंथ सिद्धीच्या प्रकरणी सरळ प्रेक्षकाच्या तोंडाकडे पाहतो. प्रेक्षक किंचित हसला, अर्धवट हसला, मोठ्याने हसला. त्याच्या तोंडून 'साधु' निघाले, 'अहो' निघाले, करुण प्रसंगी 'कष्टम्' निघाले. सभेतून एकच मोठा नाद उठला. या झाल्या वाणीने प्रकट होणाऱ्या सिद्धी. अंगावर रोमांच उभे राहिले, प्रेक्षक आसनावरून उठला, त्याने वस्त्र काढून दिले, अंगठी फेकली. या झाल्या शरीराने प्रकट होणाऱ्या. या दोहोंना भरत मानुषी सिद्धी म्हणतो. याहून वरची ती दैवी सिद्धी. आणि तिच्या लक्षणांत, कोठेही आवाज नाही, क्षोभ नाही, याच्या जोडीला रंगशाळा पूर्ण भरलेली असणे हेही एक लक्षण आहे. चित्रपटगृहाच्या दारावर 'हाऊसफुल्ल'चा फलक लावणाऱ्या व्यवस्थापकाला एवढा थोर आधार आपल्या पाठीशी आहे याची बहुधा कल्पना नसावी.

परंतु भरत येथेच थांबत नाही. प्रेक्षकांच्या उत्स्फूर्त प्रतिसादाबरोबर तो प्राश्निकांचीही योजना करतो. प्राश्निक म्हणजे परीक्षक. यज्ञकर्म जाणणारा, नट, छंदांचा ज्ञाता, वैयाकरण, राजा, धनुर्विद्येत निपुण असलेला, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक अशी त्यांची यादी आहे. प्रत्येकाने आपापल्या विषयापुरते बोलावे, प्रयोगातील गुणांची आणि घातांची मोजदाद व्हावी, आणि स्पर्धा असेल तेव्हा श्रेष्ठ ठरलेल्याला पताका मिळावी. म्हणजे एका बाजूस सभेचा नाद आणि दुसऱ्या बाजूस जाणकारांचा हिशेब, अशा दोन वेगळ्या गोष्टी भरताने शेजारी शेजारी ठेवल्या. एकीला दुसरीत विरघळू दिले नाही. सर्व प्रेक्षकांची आवड एक नसते हेही त्याने स्पष्ट नोंदले आहे. तरुणांना शृंगार आवडतो, विद्वानांना सिद्धांताची चर्चा, शूरांना रौद्र आणि बीभत्स, वृद्धांना पुराणकथा. बालक, मूर्ख आणि स्त्रिया यांना त्याने एकाच पंक्तीत बसवून त्यांच्या वाट्याला हास्य आणि वेशभूषा दिली. ही त्याची वाटणी आज कोणी मान्य करणार नाही. परंतु सामान्य प्रेक्षकाला कमी लेखण्याची खोड किती जुनी आहे याचा तो पुरावाही आहे.

चित्रपटाच्या इतिहासात या सामान्य प्रेक्षकाच्या मताचे काय झाले, ते कोणी विचारले, कोणी मोजले आणि कोणी टाळले, याचा मागोवा घेण्यापूर्वी रंगभूमीवरील त्याच्या अधिकाराची आठवण ठेवणे अवश्य आहे. १८८० मध्ये पुण्यात किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाबरोबर 'वन्समोअर'ही रुजला. पद आवडले की प्रेक्षक ते पुन्हा मागे. नट ते पुन्हा गाई. कथानक तेवढा वेळ खोळंबून राही. तमाशाच्या फडात हाच अधिकार दौलतजादा होऊन येई. भरताच्या वस्त्रदानाचा आणि अंगठीचा तो सरळ वंशज म्हटला पाहिजे. या दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाचे मत हे प्रयोगाचाच एक भाग होते. ते ऐकून प्रयोग लांबे, आखडे, रंगे किंवा कोसळे. मत देणारा आणि मत घेणारा एकाच छपराखाली, एकाच क्षणी हजर असत.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली तेव्हा हा संबंध तुटला, असे म्हणण्यास हरकत नाही. पडद्यावरील सावलीला टाळी ऐकू येत नाही. चित्रपट प्रेक्षकासमोर येतो तो पूर्ण होऊनच येतो. प्रेक्षकाच्या मताने त्याची एक चौकटही बदलत नाही. साहजिकच मताचा पत्ता बदलला. नटाकडे जाणारे मत आता शेजाऱ्याकडे जाऊ लागले. ज्याने पाहिले त्याने, ज्याने पाहिले नाही त्याला सांगावे, असे त्याचे रूप झाले. 'कसा आहे?' हा प्रश्न नाटकाबाबत विचारला जात नव्हता असे नाही. परंतु आजच्या प्रयोगात रंगलेले नाटक उद्या पडू शकते, म्हणून त्या उत्तरात सदैव एक पळवाट असे. चित्रपट मात्र गिरगावात जो दिसतो तोच नागपुरात, कलकत्त्यात आणि मद्रासेत दिसतो. त्याच्याविषयीचे मत प्रवासाला निघू शकते.

जुन्या सवयी मात्र लगेच सुटल्या नाहीत. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि त्यानंतर १९१७ मध्ये 'लंकादहन' आला. या पौराणिक पटांच्या काळापासून पडद्याला हात जोडण्याची जी रीत पडली ती १९७५ मधील 'जय संतोषी माँ'पर्यंत टिकली. त्या चित्रपटाला लोक पादत्राणे बाहेर काढून बसत आणि पडद्यावर नाणी उधळत. सावलीला पैसे पोचत नाहीत हे नाणे फेकणाऱ्याला ठाऊक नव्हते असे समजणे हा शहाण्यांचा भाबडेपणा होय. ते नाणे नटासाठी नव्हतेच. आपल्याला हे आवडले, हे चारचौघांत जाहीर करण्याची ती रीत होती.

प्रेक्षकाचे मत अधिकृतपणे नोंदण्याचा या देशातला पहिला मोठा प्रसंग १९२७-२८ चा. हिंदुस्थान सरकारने दिवाणबहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपटविषयक चौकशी समिती नेमली. तिच्या मागे प्रेक्षकाच्या अभिरुचीची आस्था नव्हती. अमेरिकन चित्रपटांनी गोऱ्या माणसाची अब्रू वसाहतीत कमी होते की काय ही धास्ती होती, आणि ब्रिटिश चित्रपटांना साम्राज्यात सवलत मिळवून द्यावी हा हेतू होता. समितीने ४,३२५ प्रश्नावल्या पाठवल्या, देशभर फिरून ३५३ साक्षीदार तपासले, आणि त्या साक्षींचे जाडजूड खंड छापले. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या पर्वाविषयी एवढे विपुल साधन दुसरे नाही. फाळके यांचीही साक्ष त्यात आहे.

हे खंड चाळताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. साक्षीदारांत पोलिस अधिकारी आहेत, मिशनरी आहेत, मुख्याध्यापक, वकील, संपादक, चित्रपटगृहांचे मालक, निर्माते आहेत. आणि त्यातील बहुतेक जण स्वतः काय पाहिले व ते कसे वाटले हे न सांगता 'अशिक्षित वर्गा'वर चित्रपटाचा काय परिणाम होतो हे सांगत आहेत. चार आण्यांच्या तिकिटावर पुढच्या बाकावर बसणारा तो वर्ग साक्षीला आलेला नाही. त्याच्याविषयी बोलणारे पुष्कळ. तो स्वतः बोलत नाही. या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे महात्मा गांधींचे उत्तर. आपण कधी सिनेमा पाहिलेला नाही, म्हणून प्रश्नावलीला उत्तर देण्यास अपात्र आहोत, हे त्यांनी प्रांजळपणे कळवले. परंतु त्याने केलेले अनिष्ट बाहेरच्या माणसालाही उघड दिसते, असेही त्यांनी लागलीच लिहिले. अपात्रतेची कबुली आणि निकाल ही दोन्ही एकाच पत्रात. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९३९ मध्ये 'फिल्मइंडिया' मासिकातून गांधीजींना जे खुले पत्र लिहिले, त्यात या तरुण कलेला अशी वाळीत टाकू नका, अशी विनवणी होती. पुढे १९४४ मध्ये जुहू येथे गांधीजींनी 'रामराज्य' पाहिला. पण तेव्हा समितीचा अहवाल कधीच धूळ खात पडला होता.

समितीच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की, तिने नेमणाऱ्यांचा हेतू साधू दिला नाही. भारतीय प्रेक्षक भारतीय चित्रपटालाच अधिक पसंती देतो, आणि ब्रिटिश चित्रपटांना खास सवलत देण्याचे कारण नाही, असा निष्कर्ष तिने काढला. मात्र ही पसंती तिला प्रेक्षकाच्या तोंडून कळली नव्हती, तिकिटविक्रीतून कळली होती. दोहोंत अंतर आहे. १९१४ मध्येच एमिली आल्टेनलोह या जर्मन संशोधिकेने मानहाइम शहरातील सुमारे २,४०० प्रेक्षकांना, त्यांत कामगार, दुकानातले नोकर, शाळकरी मुले असे सर्व होते, सरळ प्रश्न विचारून त्यांची उत्तरे ग्रंथात मांडली होती. १९३८ मध्ये इंग्लंडातील बोल्टन या गिरणगावात 'मास ऑब्झर्वेशन'च्या कार्यकर्त्यांनी चित्रपटगृहांतून असेच प्रश्नपत्रक वाटले. मुंबईतील परळ-लालबाग हे त्या काळी बोल्टनहून किती तरी मोठे गिरणगाव होते. परंतु गिरणी कामगाराला सिनेमा कसा वाटला, हा प्रश्न समितीने त्याला विचारला नाही.

१९३५ मध्ये बाबूराव पटेल यांनी मुंबईत 'फिल्मइंडिया' सुरू केले, आणि प्रेक्षकाला लिहिण्याची एक जागा मिळाली. बाबूराव मराठी; मासिक इंग्रजी. त्यातील वाचकांच्या प्रश्नांचे सदर हे मासिकाचे सर्वांत वाचले जाणारे अंग होते. देशाच्या कानाकोपऱ्यांतून विद्यार्थी, कारकून, शिक्षक प्रश्न पाठवीत आणि संपादक त्यांना कधी चिमटे काढीत, कधी उपदेश करीत, कधी सरळ अपमान करीत उत्तर देत. या सदरातील भाषा सभ्य नव्हती, हे मान्य करूनही एक गोष्ट नाकारता येत नाही. येथे प्रेक्षक प्रथमच छापील पानावर आपल्या गावाच्या नावासह बोलत होता. तथापि शेवटचा शब्द संपादकाचाच असे. प्रेक्षकाने विचारावे आणि बाबूरावांनी निकाल द्यावा, अशी ती व्यवस्था. हा निकाल प्रेक्षकांना बांधून ठेवू शकत नव्हता, हेही लवकरच दिसले. १९४३ मध्ये 'किस्मत' आला. गुन्हेगाराला नायक करणाऱ्या या चित्रपटावर टीका झाली; कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात तो तीन वर्षांहून अधिक काळ चालला.

धंद्याने आपली मोजपट्टी याच काळात पक्की केली. तिचे एकक होते आठवडा. २५ आठवड्यांचा रौप्यमहोत्सव, ५० चा सुवर्णमहोत्सव. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ मध्ये लागला तो पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात दोन वर्षांहून अधिक काळ मुक्काम करून राहिला. आठवड्यांचे हे गणित प्रथमदर्शनी रुक्ष वाटते. परंतु त्यात एक सूक्ष्म गोष्ट दडलेली आहे. एका शहरात एक चित्रपट दोन वर्षे चालतो तो सर्व प्रेक्षक एकदा येऊन गेल्याने नव्हे. तेच प्रेक्षक पुन्हा पुन्हा येतात म्हणून, आणि येताना गावाकडचा पाहुणा, माहेरवाशीण, शेजारची मुले यांना घेऊन येतात म्हणून. दुसऱ्यांदा तिकीट काढणे हे एक मत आहे. पाचव्यांदा काढणे हे आणखी ठाम मत आहे. जाहिरातीत आठवड्यांचा आकडा ठळक छापला जाई, तो या मतांची बेरीज म्हणून. फक्त तो आकडा का, हे सांगत नाही. 'सांगत्ये ऐका' लावण्यांसाठी पाहिला गेला, की अन्यायाच्या कथेसाठी, की ज्या तमाशाला घरच्या स्त्रिया जाऊ शकत नव्हत्या तो अंधारात बसून पाहता येतो म्हणून? तीनही उत्तरे खरी असण्याचा संभव आहे.

१९५४ हे वर्ष या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे, कारण त्या वर्षी दोन कौल एकमेकांसमोर उभे राहिले. मुंबईच्या 'फिल्मफेअर' पाक्षिकाने आपल्या वाचकांकडून मतपत्रिका मागवल्या. देशभरातील वीस हजारांहून अधिक वाचकांनी मत दिले, आणि मार्चमध्ये मेट्रो चित्रपटगृहात पारितोषिके वाटली गेली. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन'. त्याच वर्षी केंद्र सरकारने चित्रपटांसाठी राजकीय पारितोषिके सुरू केली. तिच्या समितीने राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला दिले, आणि 'दो बिघा जमीन'च्या वाट्याला गुणवत्तेचे प्रमाणपत्र आले.

मराठी माणसाला या निकालाचा अभिमान वाटला, तो स्वाभाविक होता. साने गुरुजींचे पुस्तक ज्याने वाचले नाही असे मराठी घर विरळा. परंतु येथे प्रश्न अभिमानाचा नाही. वाचकांच्या मतदानात 'श्यामची आई' कोठेही नव्हता, कारण मतपत्रिका हिंदी चित्रपटांपुरतीच होती. आणि मत देणारे कोण? इंग्रजी पाक्षिक विकत घेणारे, मतपत्रिका भरून टपालात टाकणारे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीला तेव्हा दोन वर्षे झाली होती. तेथे निरक्षरालाही चिन्ह पाहून मतपत्रिका पेटीत टाकता आली. चित्रपटाच्या निवडणुकीत मात्र मताधिकार इंग्रजी येणाऱ्यालाच होता. गंमत अशी की, या इंग्रजी वाचकांनी निवडला तो जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्यात हातरिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याचा चित्रपट. ज्याला त्या वर्षी कान येथेही पारितोषिक मिळाले. तेव्हा मतदार मूठभर आणि एका भाषेचा म्हणून त्याची निवड अपरिहार्यपणे उथळ ठरते, असा नियम बांधता येत नाही. उलट समितीची निवडही केवळ बोधप्रदतेच्या मोहात झाली, असा आक्षेप घेणाऱ्यांनी 'श्यामची आई' पुन्हा एकदा पाहावा. वनमाला यांच्या भूमिकेतील संयम बोधाच्या पलीकडचा आहे. दोन्ही निकाल आपापल्या जागी टिकणारे आहेत. न टिकणारी गोष्ट आहे ती त्यांचा देशव्यापीपणाचा दावा. तमिळ, तेलुगू, बंगाली, मलयाळम चित्रपट पाहणाऱ्या कोट्यवधींना वाचकांच्या मतदानात तरी त्या वर्षी मत नव्हते.

पुढच्याच वर्षी, २६ ऑगस्ट १९५५ रोजी, कलकत्त्यात 'पथेर पांचाली' लागला. पहिले काही दिवस गर्दी बेताची होती. चित्रपटात प्रसिद्ध नट नव्हते, गाणी नव्हती. नंतर जे पाहून आले त्यांनी इतरांना सांगितले, आणि दोन-तीन आठवड्यांत तिकिटे मिळेनाशी झाली. आधीच ठरलेल्या दुसऱ्या चित्रपटासाठी त्याला चालू चित्रपटगृह सोडावे लागले तेव्हा तो दुसरीकडे हलवला गेला आणि तेथेही चालला. या घटनेकडे समीक्षेच्या इतिहासात पुरेसे लक्ष गेलेले नाही. 'पथेर पांचाली' म्हटले की १९५६ चे कान, परदेशी समीक्षकांची मान्यता, यांची आठवण काढली जाते. जणू बंगाली माणसाला त्याची किंमत फ्रान्सने कळवली. वस्तुतः कान येथे जाण्यापूर्वीच कलकत्त्याच्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी, जेवणाच्या पानावर आणि ट्रामच्या बाकावर, त्याचा निकाल दिला होता. १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली होती, तेव्हा सामान्य प्रेक्षकाला चांगला चित्रपट कळत नाही ही तक्रार त्या वर्तुळात अपरिचित नव्हती. १९५९ मध्ये अशा मंडळांचा अखिल भारतीय महासंघ झाला, चित्रपटानंतर चर्चा करण्याची उत्तम परंपरा त्याने घातली. परंतु वर्गणी भरून आलेल्या शंभर-दोनशे सभासदांची ती चर्चा आणि ट्रामच्या बाकावरील ती चर्चा यांची भेट क्वचितच झाली. हा या चळवळीचा मोठा तोटा होय.

चित्रपटाविषयीचे मत दूरवरच्या लहान गावातून थेट ऐकू आले ते गाण्यांच्या मार्गाने. १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवरून अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. आकाशवाणीने चित्रपटगीतांकडे पाठ फिरवली होती तेव्हा श्रोत्यांनी समुद्रापलीकडचे केंद्र गाठले आणि पोस्टकार्डांचा वर्षाव केला. गाण्यांना पायऱ्या मिळाल्या. कोणते वर चढले, कोणते उतरले, याची दर बुधवारी घरोघर चर्चा होई. अभ्रकाच्या खाणींचे झुमरी तलैया हे गाव, जे तेव्हा बिहारात होते आणि आता झारखंडात आहे, केवळ तेथील फर्माइशींच्या पत्रांमुळे देशाला माहीत झाले. त्या गावाची पुढे थट्टाही झाली. थट्टा करणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावयास हवे होते की, मुंबईच्या समितीत किंवा पाक्षिकाच्या मतपत्रिकेत ज्याला जागा नव्हती त्याने येथे एका पोस्टकार्डाच्या खर्चात आपले मत आणि आपले नाव साऱ्या देशाला ऐकवले होते.

मताला अंक देण्याची प्रथा मात्र वर्तमानपत्रांतून आली. न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'ने १९२८ मध्ये परीक्षणासोबत तारका छापण्यास आरंभ केला असे मानतात. पॅरिसच्या 'काइए द्यू सिनेमा'ने १९५५ पासून दहा जणांच्या तारकांचा तक्ता दिला. एकाच चित्रपटाला एकाने चार आणि दुसऱ्याने काळा ठिपका दिलेला शेजारी शेजारी दिसे, आणि त्यांची सरासरी काढण्याच्या फंदात कोणी पडत नसे. आपल्याकडे याहून देशी असा प्रकार मद्रासच्या 'आनंद विकटन' साप्ताहिकाने रूढ केला. त्याने शंभरापैकी गुण दिले, अगदी शाळेतल्यासारखे. भारतीराजा यांच्या १९७७ मधील 'पदिनारु वयदिनिले'ला ६२.५ गुण मिळाले, आणि तो एक मानदंडच होऊन बसला. बासष्टावरचा तो अर्धा गुण कशाचा, हे परीक्षकच जाणोत. परंतु शंभरापैकी साठ म्हणजे पहिला वर्ग हे ज्याच्या रक्तात भिनले आहे अशा देशात ही मोजपट्टी सर्वांना तत्काळ कळली, यात नवल नाही. तमिळ वाचक चित्रपटाचे गुण आठवून सांगतो, जसे पालक मुलाचे सांगतात.

अंकाचा फायदा उघड आहे. तो भाषा ओलांडतो, क्षणात कळतो, बेरजेला सोयीचा असतो. त्याचा तोटा समजण्यासाठी सामान्य प्रेक्षकाची बोलण्यातली परिभाषा ऐकावी लागते. ही परिभाषा कोणत्याही समीक्षाग्रंथात नाही, आणि तिचे भाषांतर करू पाहणाऱ्याला ती चांगलीच नाडते. 'पैसे वसूल' हा शब्द घ्या. त्यात चित्रपट चांगला आहे असे म्हटलेले नाही. तिकिटाचा व्यवहार न्याय्य झाला असे म्हटलेले आहे. मत देणारा स्वतःला रसिक म्हणवत नाही, गिऱ्हाईक म्हणवतो, आणि त्यामुळेच त्याला दिखाऊपणा करावा लागत नाही. 'एकदा बघायला हरकत नाही' यात नापसंती आहे, परंतु दिग्दर्शकाच्या कष्टांविषयी दाक्षिण्यही आहे. 'मध्यंतरानंतर पडला' ही तर शुद्ध रचनेची टीका होय. मध्यंतर हा आपल्या चित्रपटाच्या घडणीचाच सांधा. कथा तेथपर्यंत उभारणे निराळे आणि तेथून उतरवणे निराळे, हे ज्ञान पटकथेवरील एकही पुस्तक न वाचलेल्या माणसाच्या या दोन शब्दांत आहे. 'घरच्यांबरोबर बघण्यासारखा नाही' यात नीतीचा निर्णय नसून बैठकीचा निर्णय आहे: चित्रपट वाईट नाही, सोबत वाईट. आणि 'रडवले हो!' हे तर भरताच्या 'कष्टम्'चेच रूप. दुःख झाले ही तक्रार नसून पावती आहे.

अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या मार्गातील सात विघ्ने सांगितली आहेत. पाहणारा स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणे हे त्यातील एक. डोके दुखत असताना पाहिलेला चित्रपट, रेल्वे चुकल्यावर पाहिलेला चित्रपट, नव्या नवरीबरोबर पाहिलेला चित्रपट यांविषयीची मते या विघ्नाने ग्रासलेली असतात. बोलताना माणूस हे सांगून टाकतो. 'कंटाळा आला, पण त्या दिवशी मी दमलोच होतो', असे म्हणतो, आणि ऐकणारा तेवढी सूट देतो. पाचांपैकी दोन या अंकात ही सूट मावत नाही. दमलेला, रागावलेला, जाणकार आणि अर्ध्यातून उठून गेलेला, सर्वांचे दोन सारखेच, आणि शेवटी सर्वांची सरासरी. भरताने नाद आणि हिशेब वेगळे ठेवले होते. सरासरीत नादाचाच हिशेब होतो.

आज हातातील फोनवरून कोणीही मध्यंतरातच तारका देऊ शकतो, आणि त्यांची संख्या लाखांत जाते. चार आण्यांच्या बाकाला अखेर साक्ष देता आली, असे यावर म्हणावेसे वाटते, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु साक्षी विकत घेता येतात, ठरवून पाडता येतात, हेही तेवढेच खरे. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न आला आणि न्यायालयाने नेमलेल्या सल्लागाराने २०२४ मध्ये, प्रदर्शनानंतर ४८ तास परीक्षणे थांबवावीत, अशी शिफारस केली. त्याच वर्षाच्या अखेरीस तमिळ निर्मात्यांच्या एका संघटनेने मद्रास उच्च न्यायालयात, पहिले तीन दिवस समाजमाध्यमांवर मत देण्यास मनाई करावी, अशी मागणी केली. न्यायालयाने तशी अंतरिम मनाई करण्यास नकार दिला. टीका हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, अशी त्याची भूमिका होती. तो नकार योग्यच होता. मागणी तीन दिवसांचीच का, याचे कारण मात्र न्यायालयाबाहेर आहे. शुक्रवारी देशभरातील हजारो पडद्यांवर एकदम लागणारा चित्रपट आपल्या कमाईचा मोठा वाटा रविवारपर्यंत मिळवतो. सोमवारी त्याचे भवितव्य ठरलेले असते. विजयानंदमध्ये 'सांगत्ये ऐका' पाहून बाहेर पडणाऱ्या बाईला तो कसा आहे हे शेजारणीला सांगण्यासाठी दोन वर्षे होती.